एका गटावरच्या दोन बाया

परभणीजवळच्या ज्या सहकारी संघात मी कारकुनी केली, तिथे एका छपराखाली तीन खाती होती: बियाणं, कापूस खरेदी आणि धान्य दुकान. शेतकरी तेच, पण सभासदांची रजिस्टरं तीन. कुणाच्या घरी वाटणी झाली की त्याने तीन टेबलांपुढे तीनदा अर्ज घेऊन उभं राहायचं. मी व्यवस्थापकांना कितीदा सांगितलं, एकच मूळ रजिस्टर ठेवू, बदल तिथेच करू, बाकीचे त्यावरून उतरवून घेतील. पण प्रत्येक खातेप्रमुखाला वाटायचं, मी त्याच्या घरात घुसतोय. शेवटी वर्षातून एकदा, पेरणीआधी, तिन्ही रजिस्टरं समोरासमोर ठेवून मिळवायची, एवढ्यावर माझी बोळवण झाली.

त्या मिळवणीत झरी गावची एक विधवा सापडली. नवरा वारल्यावर सभासदत्व तिच्याकडे आलं होतं. बियाणं खात्याने तिचं नाव शाळेच्या दाखल्यावरून घेतलं, म्हणजे माहेरचं. कापूस खात्याने रेशनकार्डावरून घेतलं, म्हणजे सासरचं, लग्नात नवऱ्याने तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं. त्या वर्षांत विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यात माणसांची घरं जळली होती. बायकांची नावं मात्र बोहल्याजवळच पुसली जात आणि कुणाच्या कपाळाला आठी पडत नसे. आमच्यातल्या प्रत्येकाच्या घरात दोन नावांची बाई होती. तरी एकाच गट नंबरावर दोन बाया दिसल्याबरोबर हे शहाणे खातेप्रमुख म्हणाले, एक बोगस आहे. चौकशी होईपर्यंत दोन्ही नावांची सभासद-कार्डं बंद.

ती तीनदा एसटीने आली. मृग सरत आला होता आणि कार्डाशिवाय बियाणं मिळत नव्हतं.

"दोन्ही मीच हाय, साहेब," ती म्हणाली. "एक बापानं ठिवलेलं, एक नवऱ्यानं. ज्या नावानं बी भेटंल ते ऱ्हाऊ द्या. समदं गाव पेरायलंय."

बियाणं खात्याच्या प्रमुखांना ते पटलं. पण नाव कमी करायला कारण लागतं, आणि रजिस्टरात कारणं तीनच छापलेली: राजीनामा, हस्तांतर, मयत. राजीनाम्याला सभेची मंजुरी हवी, हस्तांतराला घेणारा हवा. दोन नावांची एकच बाई, असं कारण छापणाऱ्याला सुचलं नव्हतं. "मयत लिहून टाका, आजच्या आज मोकळी होईल," प्रमुख म्हणाले. एका रजिस्टराचा धोशा लावणारा मी, म्हणून लेखणी माझ्याच हातात दिली. बापाने ठेवलेलं नाव मी तांबड्या शाईने कापलं, पुढे मयत लिहिलं आणि खाली सासरचं नाव घातलं. मला तेव्हा लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

"काय लिवलं?" तिने विचारलं.

मी वाचून दाखवलं. तिने रिकामी पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "आता बी द्या." त्या दिवशी तिला बियाणं मिळालं.

खरी चीड पुढचीच. ज्या संघात बदललेला पत्ता वर्षानुवर्षं शेजारच्या टेबलावर पोचत नसे, तिथे बियाणं खात्याची ही मयताची चिठ्ठी मात्र दोन दिवसांत पोचली. नाव वाचायचे कष्ट कोण घेतो? कापूस खात्याने चिठ्ठीतला गट नंबर पाहिला, आपल्या रजिस्टरात त्या गटावर असलेली बाई शोधली आणि तिच्यापुढे मयत लिहून मोकळं झालं. त्यांच्याकडे होतं ते सासरचं नाव. इमानाने एक काम केलं, तेही असं.

दिवाळीनंतर ती कापसाची गाडी घेऊन आली. काट्यावरच्या माणसाने रजिस्टर उघडलं, सभासद मयत आहे म्हणाला आणि गाडी रांगेतून बाहेर काढायला लावली. ती तडक माझ्या टेबलाशी आली. आवाज चढवला नाही.

"साहेब," ती म्हणाली, "तवा एकीलाच मारायचं ठरलं व्हतं न्हवं?"