माठातून काढलेली बाटली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. आमच्या नाशिकच्या गंगेवर दिवा सोडताना देवालासुद्धा नाही. त्याला ठाऊकच असणार म्हणून टाळलं. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही, म्हणून सांगवतंय. मध्येच थांबले तर घाई करू नका. आणि मी जरा इकडचं तिकडचं बोलेन, तेवढं ऐकून घ्या. बोलण्याची हौस फार — त्या हौसेपायीच तर सगळं झालं.

आधी घराचं सांगते. माझं माहेर मखमलाबादच्या बाजूचं, माळ्याचं. मेथी, कोथिंबीर, शेवंती. पहाटे पाट्या भरायच्या आणि पंचवटीच्या बाजारात जाऊन बसायचं. गिऱ्हाईक जुडी उचलून, नाक मुरडून खाली टाकायचं, तेव्हा मी मनात म्हणायची, थांबा, एक दिवस माझ्या दारात याल. लग्न झालं ते एकलहऱ्याच्या पॉवर हाउसमधल्या माणसाशी. दहा वर्षं भाड्याच्या दोन खोल्या, आणि मग नाशिकरोडला, जिथे तेव्हा नुसतं माळरान होतं, तिथे आमचा बंगला उभा राहिला. बंगला म्हणजे काय हो — एक हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर. पण मी कधी कुणाला 'घरी या' म्हटलं असेल तर शपथ. 'बंगल्यावर या!' मोझेकच्या फरशीला डाग पडत नाही हे दाखवायला मी पाहुण्यांसमोर मुद्दाम चहा सांडायची. हसताय ना? हसा. मलाही हसू येतं, पण पुढचं आठवलं की जातं.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी ह्यांच्या एका साहेबांची बदली झाली आणि त्यांचा फ्रिज आम्ही घेतला. आमच्या वसाहतीतला पहिला. स्वयंपाकघरात जागा होती, तरी मी तो हॉलमध्ये, दाराच्या बरोबर समोर ठेवून घेतला. वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर प्लास्टिकची फुलं. त्याची किल्ली मी कमरेला लावून फिरायची. बायका आल्या की काहीतरी निमित्त काढून दार उघडायचं, आतला दिवा लख्ख लागायचा, आणि त्यांचे चेहरे पांढरे दिसायचे. काय बरं वाटायचं मला!

दोन महिन्यांत तो बंद पडला. मेकॅनिक म्हणाला, कॉम्प्रेसर गेला, ह्यात आता जीव नाही. हे म्हणाले, भंगारात देऊन टाकू. मी म्हणाले, माझ्या मढ्यावर द्या. कारण दिवा लागत होता ना! दार उघडलं की उजेड पडत होता. बघणाऱ्याला काय कळतंय? कुणी येणार असलं की मी स्टेशनकडे जाऊन गोणपाटात बर्फ आणायची, वसाहतीच्या अलीकडे टांगा सोडायची आणि पिशवी पदराखाली घेऊन मागच्या दारानं आत शिरायची. बर्फ आत ठेवला की दोन तास सोंग चालायचं. एरवी तो नुसता उभा. दुपारी दारं लावून पडलं की अंधारात ते पांढरं धूड दिसायचं. एकदा मी दार उघडलं तर तोंडावर कोंडलेली ऊब आली, माणसाच्या श्वासासारखी. मी झटकन लावून टाकलं. तेव्हापासून एकटी असताना त्याच्याकडे पाठ करून बसायचं टाळायची. का, ते विचारू नका.

चैत्राचं हळदीकुंकू आलं. आंब्याची डाळ, पन्हं, आणि पन्ह्यात माझ्या 'फ्रिजचा' बर्फ. वीस-पंचवीस बायका होत्या. त्यांत शेजारच्या मालतीबाई. त्यांचे यजमान शाळेत मास्तर, स्वभावानं दोघंही गरीब गाय. त्यांची एकुलती एक कुंदा, एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी. तिला लहानपणापासून साखरेचा आजार. रोज सकाळी स्वतःच्या हातानं इंजेक्शन घ्यायची. औषधाच्या बाटल्या मामा मुंबईहून आणून द्यायचा, आणि मालतीबाई त्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या पोटाशी ठेवायच्या. हे त्यांनी सहज सांगितलं, कुणीतरी विचारलं म्हणून.

आणि मी — मी हातातली डाळीची वाटी खाली ठेवून म्हणाले, "अगं बाई! माठात कसलं ठेवता हो, खेडवळासारखं? एवढा फ्रिज आहे शेजारी, तो काय पूजेला ठेवलाय?"

सगळ्या वळून बघायला लागल्या. मालतीबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाल्या, "वत्सलाताई, मला विचारायचा संकोच वाटत होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता कडी दोनदा वाजली. कुंदा. हातात ओल्या फडक्यातल्या दोन बाटल्या. मी त्या माझ्या पदरानं पुसून कोरड्या केल्या. फ्रिजमध्ये ओलं कशाला, असंही म्हणाले. नीट ऐकलंत ना? जिच्यामुळे त्या गार राहत होत्या, ती ओल मी माझ्या हातानं पुसून टाकली. आणि मी कोण? माळ्याची पोर! ओल्या गोणपाटात मेथी वैशाखातसुद्धा कशी टवटवीत राहते, हे चालायला लागायच्या आधीपासून बघितलेली. मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

पहिले चार दिवस मी वागले नीट. ती गेली की बाटल्या माझ्या माठाजवळ न्यायच्या आणि सकाळी सातच्या आत परत फ्रिजमध्ये. पाच मिनिटांचं काम. पाचव्या दिवशी विसरले. सहाव्या दिवशी कुंदा हसत आली, इंजेक्शन घेऊन कॉलेजला गेली. काही झालं नाही. मग काय — सोडून दिलं. आळस हो, दुसरं काही नाही. ह्यांनी एकदा विचारलं, ह्या बाटल्या कसल्या? मी म्हणाले, माझं डोळ्यात घालायचं औषध आहे.

वैशाख त्या वर्षी असा तापला की फरशीवर अनवाणी पाय ठेववेना. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन सरळ फ्रिजवर यायचं. कुंदा रोज यायची, कडी दोनदा वाजवायची, मी दिलेली बाटली घेऊन जायची, आणून द्यायची. गार लागत नाही म्हणाली तर मी सांगायची, तू येशील म्हणून आधीच काढून ठेवली होती. जाताना कधीकधी त्याच्या दारावर तळवा टेकायची. एकदा म्हणाली, "काकू, ह्याचा आवाज कसा येत नाही हो? मैत्रिणीकडचा घरघरतो."

"साहेबांकडचा आहे तो," मी म्हणाले. "भारीतले घरघरत नाहीत."

ती वाळायला लागली होती. गळ्याची हाडं दिसायची. पाणी मागायची, आणि एक तांब्या संपला की दुसरा. एका सकाळी बाटली खिडकीच्या उजेडात धरून बघत उभी राहिली. बराच वेळ. म्हणाली, औषध गढूळ दिसतंय. एरवी पाण्यासारखं असतं.

आता बघा. इथे मी बोलायला हवं होतं. घरात आम्ही दोघीच. लाज गेली असती ती एका पोरीसमोर, आणि तिनं ती कुणाला सांगितलीही नसती, अशी गुणाची पोर होती. मी काय म्हणाले?

"गारव्यानं होतं तसं."

ती बरं म्हणाली. माझ्यावर विश्वास ठेवून बरं म्हणाली आणि बाटली घेऊन गेली.

मला वाटलं होतं हेच सांगायला जड जाईल. पण नाही, ह्याच्यापुढचं आहे.

आठवड्याभरात तिला उलट्या सुरू झाल्या. मालतीबाईंनी मला हाक मारली, मी धावत गेले. डॉक्टर खाटेजवळ बसले होते. त्यांनी विचारलं, औषध ठेवता कुठे? मालतीबाई म्हणाल्या — आणि त्या आजाऱ्याच्या खोलीतसुद्धा त्यांच्या आवाजात मोठेपणा आला — "ह्यांच्याकडे, फ्रिजमध्ये." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मास्तरांनी बघितलं. उशीवरून कुंदानं बघितलं. तिच्या श्वासाला पिकल्या फळासारखा गोडूस वास येत होता, अजून केळी पिकायला घातलेल्या खोलीत मला जाववत नाही. डॉक्टर म्हणाले, मग औषधाची काळजी नाही, उन्हाळ्याचं बाधलं असेल. आणि मी मान डोलावली.

डोलावली! पोरगी जिवंत होती हो. एक वाक्य बोलायचं होतं — माझा फ्रिज बंद आहे. मला आठवतं, त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते. हळदीकुंकवाच्या त्या पंचवीस बायका आल्या. पंचवटीच्या बाजारात जुडी टाकून देणारी गिऱ्हाइकं आली. त्या बायका उद्या काय म्हणतील ह्याची मला भीती वाटली, आणि कुंदाची नाही वाटली. दोन दिवस मालतीबाई तिला त्याच बाटलीतलं इंजेक्शन देत राहिल्या. तिला उठवत नव्हतं, तर बाटली मीच नेऊन दिली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेली तेव्हा ती बेशुद्ध होती. संध्याकाळपर्यंत गेली.

त्या दिवशी मी फ्रिजची पिन काढली, वायर गुंडाळून वर ठेवली आणि दाराला किल्ली लावली. दुसरी बाटली आतच राहिली. ती टाकायला माझा हात होत नव्हता.

तेराव्यानंतरची सकाळ. सात वाजले आणि कडी दोनदा वाजली. मी दार उघडलं. कुणी नव्हतं. अंगणात ऊन पडलेलं, फाटक बंद. मागे वळले, आणि काय वाटलं कोण जाणे, किल्ली लावून फ्रिज उघडला. आतून गार हवेचा लोट माझ्या पायांवर आला. गार म्हणजे बर्फासारखा गार. बाटलीवर दव धरलेलं. मी ती उचलली, बोटं बधिर झाली, आणि उजेडात धरली तर औषध पाण्यासारखं स्वच्छ. वायर वर गुंडाळलेली होती, मी हात लावून बघितली. दिवा मात्र लागला नव्हता. मी बाटली ठेवून दार लावलं आणि पुन्हा किल्ली फिरवली. दुपारी ह्यांना घेऊन पुन्हा उघडलं तर आत तीच कोंडलेली ऊब, आणि बाटलीत धाग्यांसारखा गाळ. ह्यांनी बाटलीवरचं औषधाचं नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. त्याच आठवड्यात फ्रिज भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेला. ह्या विषयावर आम्ही दोघं जन्मात बोललो नाही. भास झाला असेल, म्हणाल. म्हणा. पण माझी बोटं दिवसभर पांढरी होती.

वसाहतीत काय पसरलं माहीत आहे? वत्सलाताईंनी आपला फ्रिज दिला, पण पोरीच्या नशिबात नव्हतं. शिवाय, पोरीच्या आठवणीनं त्यांना फ्रिज डोळ्यांसमोर नको झाला. मालतीबाई स्वतः सांगायच्या, ज्याला त्याला. मी ऐकून घ्यायची. खरं सांगू? पहिल्या वेळी ऐकलं तेव्हा आत कुठेतरी मला बरं वाटलं होतं.

ऐंशीनंतर फ्रिज घरोघरी आले. आम्हीही नवा घेतला, स्वयंपाकघरात ठेवला. तो चालायचा, घरघरायचा. मास्तरांकडे काही आला नाही, आणि मग मालतीबाईंनाच साखर निघाली. त्या बाटली घेऊन माझ्याकडेच आल्या. दुसरीकडे कुठे जाणार होत्या? तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता कडी वाजायला लागली. दोनदा. कुंदा वाजवायची तशीच, तेवढंच अंतर ठेवून. सहा वर्षं. प्रत्येक वेळी दार उघडेपर्यंत मला माहीत नसायचं की बाहेर कोण असेल.

मालतीबाईंना ते औषध लागू पडलं. त्या चांगल्या जगल्या. शेवटच्या वर्षी एका सकाळी त्यांनी बाटली घेतली, खिडकीपाशी नेली आणि उजेडात धरून बघत राहिल्या. पाठमोऱ्याच होत्या. म्हणाल्या, "वत्सलाताई, तेव्हाचा तो फ्रिज दुसरा होता ना? चांगला होता का हो तो?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. बाजारभाव विचारावा तसं विचारलं. आणि मग त्या थांबल्या. मला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ त्या थांबायला तयार होत्या, हे मला त्यांच्या पाठीकडे बघून कळत होतं.

मी म्हणाले, "एक नंबर होता."

त्यांनी मान हलवली, बाटली पदरात घेतली आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी सात वाजता पुन्हा आल्या, आणि मी दार उघडलं.