खोडलेलं कागदावर दिसत नाही

टोइवो कांगास आमच्या कॉलेजच्या संगणक-खोलीत खुर्चीत टेकला, की सगळ्यात आधी एकच शब्द टाइप करायचा: स्क्रिप्ट. एवढं केलं की पुढे त्या काळ्या पडद्यावर तुम्ही जे टाइप कराल आणि यंत्र जे उत्तर देईल, ते सगळं वेळेसकट एका फाइलीत उतरत जातं. त्या फाइलीला आम्ही लॉग म्हणतो. बाकीचे लोक हे अडीनडीला करतात. टोइवो रोज करायचा. एकोणीस वर्षं.

"बायकोशी भांडतानाही लॉग ठेवतोस काय रे?" मी विचारायचो.

"ठेवला असता तर एक तरी भांडण जिंकलो असतो."

उत्तर मिशिगनमधला फिनिश माणूस. दिवसाला बारा वाक्यं बोलायचा, त्यातली सहा बर्फाबद्दल. मला काम त्यानेच शिकवलं आणि लॉगची सवयही त्यानेच लावली. म्हणायचा, "माणूस विसरतो, आणि मग काहीही ठोकून देतो. लॉगला दोन्ही जमत नाही."

फेब्रुवारीतल्या एका दुपारी तो आपली मांस-बटाट्याची पास्टी गरम करायला गेला. त्याचं टर्मिनल, म्हणजे तो काळा पडदा, उघडंच होतं, लॉग चालू. तेवढ्यात आमचा नवा साहेब किप सोरेल आला.

"डिस्क भरलीय म्हणे! जुनं फोल्डर उडवायला तुम्हा लोकांना आठवडा लागतो?"

आणि तो थेट टोइवोच्या खुर्चीत बसला. किप दोन बोटांनी टाइप करायचा. तीन अक्षरं पुढे, दोन मागे. मी खुर्ची वळवून बघत बसलो. साहेबाला टाइप करताना बघणं ही आमची फुकटची करमणूक होती. शेवटी त्याने एंटर दाबलं, "झालं!" म्हणाला आणि निघून गेला.

उडालं ते भलतंच फोल्डर. त्यात सगळ्या मुलांचे त्या सत्राचे गुण होते. बॅकअपचं यंत्र जानेवारीपासून बंद होतं आणि नव्याचा अर्ज किपच्याच टेबलावर पडून होता.

किप म्हणाला, मी त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही. चौकशी बसली. टोइवोच्या पेन्शनला चौदा महिने उरले होते. आता काढलं तर ती निम्म्यावर येणार. पण हा निवांत.

"लॉग आहे ना," म्हणाला, आणि स्वतःच्या हाताने छापून त्याने तो समितीपुढे ठेवला.

लॉगमध्ये नाव टोइवोचं होतं. टर्मिनल टोइवोचं. बोटं कुणाची, ते लॉगमध्ये येत नाही.

"कागद राहू द्या, फाइल उघडा," टोइवो म्हणाला. "त्या एका ओळीत अकरा वेळा मागे जाऊन खोडलंय. माझे एकोणीस वर्षांचे लॉग बघा, मी असा टाइप करतो का?"

अध्यक्ष हेडलंडबाईंनी चष्मा लावून कागद पाहिला. "मिस्टर कांगास, ओळ तर स्वच्छ आहे."

"छापताना खोडलेलं गळतं, बाई. फाइलीत असतं."

"मग घाईघाईत तुम्हीच खोडलं असेल!" आणि त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही खोलीत होतात. खुर्चीत कोण बसलं होतं?"

किप माझ्या शेजारीच होता. माझा करार मे महिन्यात संपत होता आणि पुढच्या करारावर सही त्याची लागणार होती.

"मी कामात होतो," मी म्हणालो. "माझ्या स्क्रीनकडे बघत होतो."

टोइवोने माझ्याकडे पाहिलं आणि आपले कागद गोळा केले.

शुक्रवारी तो किल्ल्या द्यायला आला.

"फार वाईट झालं रे," मी म्हणालो.

"हं." त्याने किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. "किप माझ्या खुर्चीत होता तेव्हा, बारा दहा ते बारा बावीस, तुझ्या लॉगमध्ये एक अक्षर नाही. एरवी तू जेवतानासुद्धा कीबोर्ड बडवत असतोस."

माझा लॉग! त्यानेच लावलेली सवय. मी विसरूनच गेलो होतो.

"तू... कधी बघितलास?"

"चौकशीच्या आदल्या दिवशी."

"मग समितीला दाखवला का नाहीस?"

तो सावकाश मफलर गुंडाळत राहिला.

"वाटलं, तू सांगशील."

दारापाशी थांबून त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "रस्त्यावर बर्फ गोठलंय," म्हणाला. "घरी जाताना गाडी हळू चालव."