शिळ्या पाण्यानं धुतलेली गच्ची

गच्चीला वर्षभर कुलूप होतं. चावी माझ्या खिशात. बायको त्या गच्चीवर शेवाळावरून घसरून पडली आणि तिसऱ्या दिवशी गेली. त्याआधी चार दिवस म्हणत होती, "अहो, तेवढं शेवाळ घासून द्या." मी म्हणलो, देतो. दिलं नाय.

उद्या तिचं वर्षश्राद्ध होतं. सुनेनं ठरवलं, कावळ्याचं पान गच्चीवरच ठेवायचं. म्हणली, सासूबाई रोज तिथंच कावळ्यांना भाकर टाकायच्या. मी म्हणलो, शेवाळ निघाल्याबिगर तिथं कुणाचा पाय पडणार नाय. मग पोरानं जोराच्या फवाऱ्यानं धुणारी मशीन भाड्यानं आणली. दिवस मावळायच्या आत ती परत द्यायची होती.

आमच्या भागात नळ आठ दिवसांनी येतो. तो दिवस बघूनच मशीन आणली. नळ सकाळी दहाला यायचा, आला नाय. निरोप आला, आता चारला. हौद तळाला गेलेला, तीन मजल्यांवरच्या टाकीत वीतभर पाणी.

पोरानं टाकीला झाडांना पाणी घालायचा बारीक पाईप जोडला आणि बटन दाबलं. दारापुढचा तुकडा पांढरा झाला, मग फवारा ठसकायला लागला. मशीन किंचाळली.

"बंद कर! हवा गिळतीय ती. जळंल."

"बाबा, तुम्हाला काय कळतंय यातलं?"

"शाळेतलं कळत नाय. गावाकडं पाचोडला जन्मभर विहिरीवरच्या मोटारी हाकल्या म्या. तहानलेली मोटार आवाजावरून कळती."

ती मशीन पाणी वर आणत नाय, आलेलं नुसतं जोरात फेकती. तिला पोटभर पाणी आयतं पाहिजे. मी दोन पिंपं वर आणवली, विटांवर मशीनपेक्षा उंच ठेवली, तळाच्या तोटीला जाड पाईप लावला. आधी पिंपं भरायची, मगच मशीन. सगळं बरोबर होतं. पिंपात टाकायला पाणी नव्हतं.

तीन वाजले. पोरगा म्हणला, "पान खाली अंगणात ठेवू." ठेवू म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात खाली गटारीत भदाभदा पाणी पडलं. मग शेजारच्या घरातून. नळ येणार म्हणून गल्ली शिळं पाणी ओतून भांडी रिकामी करत होती. आमच्याकडं हे असंच. आठ दिवस तांब्या तांब्या जपायचं, आणि नवं येणार म्हणलं की उरलेलं गटारीत.

कुणाच्या दारात पाणी मागायला मी कधी गेलो नव्हतो. ते काम तिचं. जिना उतरलो तर समोरच्या खाला हंडा उचलून उंबऱ्यावर उभ्या.

"खाला, ओतू नका!"

"बासी पानी है भाऊ. क्या करोगे?"

"गच्ची धुतो."

त्यांनी वर बघितलं. तिला उचलायला पयल्या त्याच धावल्या होत्या.

"साल लगा दिया तुमने," म्हणल्या आणि हंडा माझ्या हातात दिला. मग गल्लीवर ओरडल्या, "ए, मोरी में मत डालो! इनके हौद में डालो!"

घराघरातलं पाणी हौदात आलं, मोटारीनं वर चढवलं, पिंपं भरली. पोरगा फवारा मारत दारापासून पुढं सरकला. मी पिंपाशी. पाणी तोटीपाशी आलं की मशीन बंद, भरलं की चालू. चार वाजून गेले, पाच वाजले, नळ कोरडाच. खालून एक बाई ओरडली, "काका, नळ नाय आला तर समदे तुमच्याच घरी पाणी प्यायला!" कुणी हसलं नाय.

शेवटी कठड्याजवळची जागा राहिली. तीच. पोरगा आजूबाजूलाच फवारा मारत राहिला. पिंपात हातभर पाणी.

"आण इकडं," मी म्हणलो.

ती नळी हाताला लई मागं ढकलती. हिरवं फाटत गेलं, खाली सिमेंट निघालं. मला वाटलं होतं, तिथं काय तरी दिसंल. काय नव्हतं. शेवटचा पट्टा निघाला आणि मशीन पुन्हा किंचाळली. पिंप रिकामं.

मशीन वेळेत गेली. दिवे लागताना नळ आला. पयला हंडा खालांचा भरून दिला.

सकाळी सून पान घेऊन वर आली, अनवाणी. बाकीचे कावळा बघत होते, मी तिचे पाय. कठड्यापर्यंत गेली, पान ठेवलं, परत आली. मी खिशातली चावी काढून तिच्या हातावर ठेवली.