पश्चिमेची खिडकी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी उस्मानपुऱ्यात चष्म्याच्या दुकानात होतो. "भाऊजी, हे गेले... कंटेनरमधी, खुर्चीतच," एवढंच त्या बोलल्या. मी तसाच उठून निघालो. दिगंबर जाऊन आता दीड महिना झाला.

चिकलठाण्याच्या एकाच कारखान्यात आम्ही तीस वर्षं काढली. तो शीतगृहांची यंत्रं बसवायचा, मी नकाशे काढायचो. निवृत्तीआधी हर्सूलला घरंही एकमेकांजवळ बांधली. त्याचं परसू आणि माझं फाटक यांच्यामध्ये एकच गल्ली. पण स्वस्थ बसणं त्याच्या पिंडात नव्हतं. मासे गोठवून नेणारा एक जुना कंटेनर त्यानं बंदरावरून आणवला आणि क्रेननं परसात उतरवला. भिंती मुळातच जाड, थंडी धरून ठेवणाऱ्या. त्याचं ऑफिस करायचं आणि शेतकऱ्यांना छोट्या शीतखोल्या आखून द्यायच्या, असा बेत. यंत्रं त्याची, नकाशे माझे. मला विचारलं नव्हतंच, धरूनच चालला होता. माशांचा वास जाईपर्यंत वहिनी त्याला अंघोळीशिवाय घरात घेत नव्हत्या. ही दारं फक्त बाहेरून उघडतात, म्हणून त्यानं आतून कडी बसवली, एसी लावला.

खिडकी मात्र पश्चिमेला पाडायला घेतली. मला हसू आवरेना. इथला उन्हाळा, आणि पश्चिमेला साधं भोकही नको म्हणून जन्मभर गिऱ्हाइकांना दटावणारा हा माणूस! एसीला किती जड जाईल, कळतंय का, असं मी विचारलं. ग्राइंडर खाली ठेवून तो म्हणाला, "व्हय, कळतंय. वढंल ते." मी गल्लीभर त्याला उंटावरचा शहाणा म्हणत फिरलो.

आत त्यानं दोन टेबलं मांडली. मला गारवा सोसत नाही म्हणून एसी सत्तावीसच्या खाली आणायचा नाही, हेही ठरवून टाकलं. तरी मी गेलो नाही. उन्हाळा सरू दे म्हणालो, मग दिवाळी होऊ दे म्हणालो. खरं सांगतो, घरी मी एकटाच, कामधंदा काही नाही, पण पुन्हा कुणाच्या वेळेला बांधून घ्यायचं माझ्या जिवावर आलं होतं. तो रागावला नाही. भेटला की एवढंच विचारायचा, आज लई सकाळी निघालास, कुठं गेला होतास? याला कसं कळतं, हे कधी माझ्या मनातही आलं नाही...

तेराव्यानंतर वहिनींनी किल्ली हातात ठेवली. म्हणाल्या, "तुमचं टेबल हाय तिथं. त्येंनी कुणाला बसू दिलं नाय." टेबलावर कोरा कागद ताणून बसवलेला होता, शेजारी टोकं काढलेल्या पेन्सिली. त्या टेबलाशी बसायचा धीर होईना, म्हणून मी त्याच्या खुर्चीत बसलो. खिडकीतून झाड दिसत नव्हतं, रस्ताही नाही. दिसत होतं ते माझं फाटक. चष्म्यासाठी बाहेर पडलो त्या सकाळीही तो इथंच बसला असणार. मला फार लाज वाटली.

आता मी रोज दहाला जातो. एसी सत्तावीसवर ठेवतो. जाड भिंतींमुळे बाहेरचं काही ऐकू येत नाही. चारच्या सुमाराला ऊन थेट त्याच्या टेबलावर येतं आणि एसी घरघरायला लागतो. मी पडदा ओढत नाही. समोरच्या फाटकाकडं बघत बसतो. माझंच फाटक ते. त्यातून आता कोण येणार आहे?