पोस्टरवरचा चेहरा

वीसेक वर्षांपूर्वी टीव्हीवर एक मालिका लागायची. त्यातली जंगलखात्याची अधिकारी लोकांची फार लाडकी होती. जीप घेऊन शिकाऱ्यांच्या मागे लागायची आणि म्हणायची, "पळा, पण जंगल माझं आहे." कोपरला आमच्या बिल्डिंगमधली पोरं हे वाक्य ओरडत जिने उतरायची. पडद्यावरच्या नटीला तेव्हा मराठी धड येत नव्हतं. तिचा आवाज मी दिलेला. नामावलीत माझं नाव कधी आलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा त्याचं वाईटही वाटलं नाही.

मालिका संपली, मग हळूहळू डबिंगची कामंही आटली. गेल्या वर्षी एका तरुण दिग्दर्शकाचा फोन आला. "ताई, त्या मॅडमची नवी साहसं करतोय, ऑडिओ सिरीज. फक्त ऐकायची. तुमच्याशिवाय कसं होणार?" पुढचं ऐकून न घेताच मी हो म्हटलं. नवरा म्हणाला, "आता तरी तुझं नाव येईल," आणि संध्याकाळी जिलबी घेऊन आला.

स्टुडिओ घोडबंदर रोडला. ट्रॅफिकमध्ये अडकून तासभर उशिरा पोचले, वाटेत जिभेखाली ज्येष्ठमध. आत ती नटी बसलेली. तिने धावत येऊन मिठी मारली. "अगं, किती वर्षांनी!" आता तिचं मराठी अगदी स्वच्छ होतं. दिग्दर्शकाने माझ्या हातात कागद दिले. माझी वाक्यं पिवळ्या रंगाने रंगवली होती. चहावाली म्हातारी.

"आणि अधिकारी?" मी विचारलं.

"मॅडम स्वतःच करतायत ना. लोकांना तो चेहरा आठवतो."

"पण चेहरा दिसणार कुठे?"

"पोस्टरवर," तो म्हणाला. त्यात कुचेष्टा नव्हती. मूळ आवाज कोणाचा होता हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. 'तुमच्याशिवाय कसं होणार' हे तो सगळ्यांनाच म्हणायचा.

मी तिथूनच परत फिरायला हवं होतं. फिरले नाही. सहा वर्षांनी समोर माइक होता.

नटीच्या मोबाइलमध्ये जुने भाग होते. प्रत्येक टेकच्या आधी ती मोबाइल कानाला लावून दोन वाक्यं ऐकायची, मग बोलायची. माझे थांबे, 'जंगल'वर खाली येणारा माझा सूर, सगळं तिने उचललेलं. एका भागाच्या वेळी मला पडसं होतं, म्हणून मी मध्येच श्वास गिळलेला. तिने तोही गिळला. बाई मेहनती होती, हे कबूल करायला हवं.

मग आमचा दोघींचा प्रसंग आला. माझं पहिलं वाक्य झालं आणि काचेपलीकडून दिग्दर्शकाने थांबवलं. "ताई, तुमचा आवाज मॅडमसारखा लागतोय. ऐकणारे गोंधळतील. जरा घोगरा करता का?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती कागद उलटत राहिली. मी आवाज घोगरा केला. एका टेकमध्ये ओके.

जेवणाच्या सुट्टीत बेसिनपाशी ती हळूच म्हणाली, "मला कळतंय गं."

"मग सांगायचंस ना त्याला."

"सांगितलं असतं तर त्याने मलाच विचारलं असतं, 'मग मॅडम, तुम्ही कशाला हव्यात?' मलाही कुठे काम आहे?"

हात धुऊन मी डबा उघडला.

घरी मी यातलं काहीच सांगितलं नाही. पहिला भाग आला त्या रविवारी नवऱ्याने मोबाइल टेबलावर ठेवून पूर्ण ऐकला. शेवटी ती जंगलाचं वाक्य म्हणाली तेव्हा त्याने मान डोलावली. "बघ, वीस वर्षांत काही फरक नाही पडला तुझ्या आवाजात."

"ती मी नाही. मी ती चहावाली."

त्याने भाग मागे नेऊन चहावाली परत ऐकली. "ही? ओळखूच येत नाही," तो म्हणाला, आणि तेही त्याने कौतुक म्हणूनच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी दिग्दर्शकाला मेसेज केला, पुढच्या भागांना जमणार नाही. त्याने लगेच अंगठा पाठवला. नंतरच्या भागात चहाच्या टपरीला कुलूप होतं. म्हातारी लेकीकडे गेली, असं कोणीतरी अर्ध्या वाक्यात सांगून टाकलं आणि जीप पुढे निघाली.