वरचा कापूस

"वरचा कापूस सगळ्यांचाच पांढरा," असं म्हणून काका बाही वर सारायचे आणि बैलबंडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचे. तळातला मूठभर कापूस ओढून काढायचा, बोटांत धागा ताणायचा, गालाला लावून ओल बघायची आणि मगच प्रत सांगायची. हिंगणघाटला सरकी काढायच्या एका जिनिंगमध्ये ते ग्रेडर होते. निवृत्त झाल्यावर कापूस सुटला, सवय सुटली नाही. बाजारात टमाट्यांच्या ढिगाखाली हात, लग्नाच्या पंगतीत भाताच्या पातेल्याच्या तळापर्यंत डाव. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याला लांबून येताना पाहूनच भाजीवाली टोपलीवर फडकं टाकते.

माझं हिंगणघाटजवळ, हायवेवरच्या जाम गावच्या चौकात गॅरेज आहे. बाई गॅरेज चालवते याचं कौतुक करायला येणाऱ्यांना मी चहा देत नाही, कामाला येणाऱ्यांना देते. काका त्यांची स्कूटर घेऊन यायचे. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी ऑइलच्या डब्यात काडी बुडवली.

"काय करता काका?"

"खालचं पाहून राह्यलो."

"नवा डबा आहे. खालीवर एकच आहे."

"सगळे असंच म्हणतेत, ताई."

माणूस वाईट नव्हता, पण कोणाची भीड धरणारा नव्हता. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यानं बंडीच्या तळात पाणी मारलेला कापूस भरला होता. काकांनी चारचौघांत त्याची प्रत उतरवली. त्या दिवाळीला बहीण माहेरी आली नाही. "मग तुम्हाला काय वाटलं?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "ओलाच होता नं पण कापूस!"

या माणसाची आयुष्यात एकच हौस होती. जिनिंगच्या मालकांकडे एक विलायती गाडी होती. हिरवी, दोनच सीटची, वरचं टप उघडणारी. तरुणपणी एकदा मालकांनी काकांना तिच्यात बसवून स्टेशनावर नेलं होतं. मांडीवर कापसाचे नमुने, आणि डोक्यावरची टोपी वाऱ्यानं उडाली. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की त्या टोपीचा रंगही मला माहीत आहे. शेवटी ते हटकून म्हणायचे, "टोपी गेली, पण मी 'थांबा' नाई म्हटलं."

मालक गेले. पुढं जिनिंगही बंद पडलं. नागपूरला राहणाऱ्या त्यांच्या नातवानं गाडी विकायला काढल्याचं कळलं, तसे काका सकाळीच गॅरेजवर हजर. "ताई, गाडी पाह्यले चला. मले घ्याची आहे."

"चालवायला येते का?"

"शिकीन."

गेलो. नातवानं गाडी पुसून अंगणात उभी केली होती. मी आधी बोनेटला हात लावला. थंड होतं, म्हणजे आधी गरम करून ठेवलेली नव्हती. चालू केली. खोकली, पण लागली. चेसिसखाली शिरून पाहिलं, ठीक होती. मग कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावर फिरवलं. जुन्या गाडीत पत्रा कुठं आणि पुट्टी कुठं, हे चुंबक सांगतं. बोनेटला चिकटलं. दाराला चिकटलं. दाराखाली जो लांब पोकळ पत्रा असतो, ज्याच्यावर अख्ख्या गाडीची ताकद असते, तिथं मात्र ते घसरून खाली पडलं.

मी काकांकडे पाहिलं. त्यांनीही ते पाहिलं होतं. ते चष्मा पुसत होते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आल्यापासून ते गाडीभोवती नुसते फिरत होते. स्टिअरिंगवरून हात फिरवला, सीटचं चामडं दाबलं. सगळं वरवर. खाली वाकले नव्हते.

"काका, आज हात नाही घातला?"

"घालतो नं. चहा तं होऊ द्या."

चहा झाला. दुसरा कप कधीच न घेणाऱ्या माणसानं दुसरा मागून घेतला.

नातू म्हणाला, "काका, तुम्ही कशाला जमिनीवर झोपता? आजोबांची गाडी आहे. वरून बघा ना, कशी आरशासारखी आहे!"

"वरूनच पाहून राह्यलो, बाबू," काका म्हणाले.

घेणारे ते होते. न पाहता घेतली असती, तर कोणी काही म्हणणार नव्हतं.

त्यांनी कप ठेवला. टोपी काढून माझ्या हातात दिली, बाही वर सारली आणि मातीत आडवे झाले. मी स्क्रूड्रायव्हरनं ठोकलं. पुट्टीचा पोपडा पडला, आणि त्या भोकात काकांचा हात मनगटापर्यंत गेला. बाहेर आला तो कापूस घेऊन. गंजलेल्या जागी कोणीतरी कापूस कोंबून वरून पुट्टी मारली होती. दुसऱ्या गावात जुना पेपर कोंबतात. हिंगणघाटात हाताशी कापूसच असायचा.

काकांनी झोपल्या झोपल्या धागा ताणून पाहिला. "आपल्याच जिनिंगचा दिसते."

नातवाचा चेहरा उतरला. "काका, खरंच मला माहीत नव्हतं."

"तुमचा काय दोष? तुम्ही थोडी भरला?"

मी स्पष्ट सांगितलं, "दोन्ही बाजू गेल्यात. घेऊ नका."

ते उठून बसले. पाठीची माती झटकली नाही. "फरदड आहे," ते म्हणाले. फरदड म्हणजे शेवटच्या वेचणीचा, अगदी हलका कापूस.

"मग चला."

"चला काऊन? फरदड कोणी फेकून देते का, ताई? भाव फरदडीचा लागन. पण मले पायजे."

त्या भावातच त्यांनी ती घेतली. टोचन लावून, ओढत गॅरेजला आणली. मी दोन्ही बाजू कापून नवा पत्रा टाकला. काका रोज स्टुलावर बसून पाहायचे. शेवटची वेल्डिंग मारायला घेतली, तर म्हणाले, "थांबा. इथं हात जाईल एवढी जागा ठेवा."

"कशाला? पाणी शिरेल."

"पुढच्या माणसाचा हात जायले पायजे."

मी वाद घातला. उपयोग झाला नाही. शेवटी दाराखाली भोक ठेवून त्यावर स्क्रूनं बसणारी छोटी प्लेट लावून दिली. गाडी चालवायला ते खरंच शिकले. पहिल्या दिवशी मला शेजारी बसवून वेणा नदीच्या पुलापर्यंत नेलं. टोपी मांडीखाली दाबून ठेवली होती.

मागच्या उन्हाळ्यात ते गेले. मुलगा पुण्याला असतो. त्यानं गाडी विकायचं माझ्यावर सोपवलं आणि वडिलांचं सांगणं कळवलं: जो खालचं पाहील, त्यालाच द्यायची.

गिऱ्हाइकं येतात. हायवेवरून गाडी दिसते, थांबतात, बोनेटपाशी उभं राहून फोटो काढतात. परवा एकजण तर चेकबुक घेऊनच आला होता. मी त्याला चहा दिला आणि वाट पाहिली. तो वाकला नाही. मी गाडी दिली नाही.

प्लेटवर धूळ बसू देत नाही. स्क्रूड्रायव्हर ड्रायव्हरच्या सीटवर, सहज दिसेल असा ठेवलेला असतो.