शेजारी देशाची बाजू

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चार पुस्तकं वाचली नाहीत तोच लिहायला बसला, असं कुणाला वाटलं तर त्यात त्यांची चूक नाही. आधीच माफी मागतो.

कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेचा विषय होता, ‘शेजारी देशांनी नद्या वाटून घ्याव्यात का?’ घ्याव्यात, असं म्हणायला कुणी पुढे येईना. सर म्हणाले, “तू बोलशील?” हजेरीपलीकडे मी वर्गात कधी तोंड उघडलं नव्हतं. तरी हो म्हणून बसलो. आईने ऐकण्यासाठी रजा टाकली.

लालबागच्या आमच्या चाळीत पाठांतराला जागा एकच, गॅलरी. पाणी सोडलं तर दुष्काळात आपलीच शेतं सुकतील, हा तोटा मी आधी कबूल करायचो. मग फायदे. पुराची खबर वेळेवर दिली की खालची गावं वाचतात, धरणाची वीज दोघांच्या कामी येते. शिवाय आपल्याही वर एक देश आहे. उद्या त्याने पाणी अडवलं तर?

शेजारच्या काकी कपडे वाळत घालता घालता ऐकत होत्या.

“काय रे, त्यांचा वकील झालास काय? एक थेंब द्यायचा नाय! नदी आपल्या दारातनं जाते ना? मग आपली!”

तेवढ्यात पाणी आलं. म्हणजे तळमजल्यावर आलं. तिथल्या मोटरी सुरू झाल्या आणि तिसऱ्या मजल्यावरचे आमचे नळ खोकून गप्प झाले. काकी कठड्यावरून वाकल्या.

“अगो, मोटर बंद कर! वर काय माणसं राहत नायत?”

खालून आवाज आला, “पाइप आमच्या दारातनं जातो, काकी!”

“म्हणून काय तुझ्या बापाचा झाला?”

मी घाबरत म्हटलं, “काकी, मी हेच म्हणतोय.”

“तू गप रे. ते देशाचं आहे, हे पाण्याचं आहे!”

त्यानंतर जिन्यात माझ्याकडे कुणी पासपोर्टची चौकशी करी, कुणी तिकडच्या हवामानाची. आई एवढंच म्हणाली, “तू बोल. मी पुढच्या रांगेत बसणार.”

आणि ती बसलीसुद्धा, इस्त्रीची साडी नेसून. मी स्टेजकडे निघालो तेव्हा सरांनी मला दारातच अडवलं. कॉलेजात बाकी सगळ्यांना आदल्या दिवशीच कळलेली बातमी त्यांनी नजर चुकवत मला सांगितली.

“वातावरण नाजूक आहे रे. वादविवाद ठरल्याप्रमाणे होणार. फक्त तुझी बाजू रद्द केलीय.”